थोड्या पाण्यावरची बाग

दाराच्या चौकटीला कोरफडीचं एखादं झुडूप उलटं टांगलेलं तुम्ही पाहिलंच असेल. दृष्ट लागू नये म्हणून टांगतात. दृष्टीचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं. नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मुळांना माती नाही, पाणी कोणी घालत नाही, आणि तरीही ते झुडूप महिनोन्‌महिने हिरवं राहतं. टांगलेल्या अवस्थेतच त्याचे शेंडे हळूहळू वळतात आणि पुन्हा आभाळाकडे तोंड करतात. त्याच घराच्या गॅलरीत मात्र मे महिना सरता सरता गुलाबाच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात, मोगरा पिवळा पडलेला असतो, आणि नळाला पाणी एक दिवसाआड येत असल्यामुळे घरातली मंडळी कुंड्यांकडे जरा अपराधी नजरेनेच पाहत असतात. बाग पुन्हा उभी करायची तर पावसाळ्यात नवी रोपे आणायची, आणि पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा वाळलेली पाहायची, हे चक्र पुष्कळांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

या चक्रातून बाहेर पडायचा मार्ग त्या चौकटीलाच टांगलेला आहे. कोरफडीसारख्या झाडांना आपण मांसल किंवा रसाळ वनस्पती म्हणू. रोपवाटिकेत त्यांना ‘सक्युलंट’ म्हणतात. पाणी मिळेल तेव्हा ते अंगात साठवून ठेवायचं आणि नसेल तेव्हा त्या साठ्यावर दिवस काढायचे, ही त्यांची रीत. कोणाचा साठा पानांत असतो, जसं कोरफड आणि पानफुटी. कोणाचा खोडात, जसा निवडुंग. कोणाचा खोडाच्या बुंध्यात, जसं हल्ली गच्च्यांवर दिसणारं गुलाबी फुलांचं अडेनियम. वर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून उन्हाने पाणी उडत नाही. पण हे झालं वरवरचं. त्यांची खरी युक्ती आत, श्वास घेण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती समजली म्हणजे पुढच्या निम्म्या सूचना सांगाव्याच लागत नाहीत.

बेंजामिन हाइने नावाचा एक जर्मन वनस्पतिज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होता. त्याने पानफुटीचं पान सकाळी चाखून पाहिलं, ते चांगलं आंबट लागलं. दुपारी चाखलं, तर चवच नाही. संध्याकाळकडे ते किंचित कडवट झालेलं. त्याने हे पत्राने विलायतेला कळवलं आणि १८१५ साली ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापून आलं. कारण उलगडायला पुढे शंभरावर वर्षं लागली. सामान्य झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. पण छिद्र उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन जातं. पानफुटी आणि तिचे भाऊबंद दिवसा ती दारं लावून बसतात, आणि रात्री, हवा थंड झाली म्हणजे, उघडतात. रात्री घेतलेला वायू ते आम्लाच्या रूपाने साठवतात. सफरचंदाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल ते हेच. दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात, दारं बंद ठेवून, त्या आम्लातला कार्बन वापरून साखर तयार होते. म्हणून सकाळी पान आंबट आणि दुपारी बेचव. आपला अननसही हीच युक्ती वापरतो. (हाइनेचा प्रयोग घरी करू नका बरं का! पानफुटीच्या जातीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ती खाऊन गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत. मुतखड्यावर म्हणून पान चावून खाणारे पुष्कळ आहेत, त्यांनी आधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारलेलं बरं.)

आता या काटकसरीची किंमतही आहे. रात्री जेवढं साठवलं तेवढ्यावरच दिवसाचा कारभार चालायचा, म्हणून ही झाडं सावकाश वाढतात. सावकाश वाढतात म्हणून पाणीही सावकाश पितात. आणि आपण मात्र तुळशीला घालतो तसं रोज तांब्याभर पाणी त्यांना घालतो! घरोघरची अशी झाडं तहानेने मरत नाहीत, बुडून मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की हवा संपते, मुळं कुजतात, आणि वरचं झाड मलूल दिसू लागतं. ते पाहून घरातला कोणीतरी दयाळू माणूस आणखी पाणी घालतो.

*

झाडं जमवायची कुठून? विकत घ्यायला तर हरकत नाहीच. पण माझं मत विचाराल तर पहिली दहा झाडं विकत घेऊ नयेत. ती आधीच तुमच्या आसपास आहेत. कोरफड कोणाकडे नाही? पानफुटी जुन्या वाड्यांच्या परसात, भिंतीच्या कडेला असतेच. बांधावर शेर आहे, त्रिधारी निवडुंग आहे, घायपात आहे. झाडावर चढलेली चौधारी कांडवेल आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलतो म्हणून ज्याला आपल्याकडे गमतीने ‘ऑफिस टाइम’ म्हणतात तो चिनी गुलाब आहे. आणि श्रावणाच्या आगेमागे ज्याच्या एका रात्रीच्या फुलासाठी शेजारीपाजारी जागवले जातात ते ‘ब्रह्मकमळ’ आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या कुंडीतलं हे मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. पण नाव आता घट्ट बसलेलं आहे आणि ते हिसकावून घेण्यात अर्थ नाही.

‘निवडुंग’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. काटे असलेल्या कोणत्याही जाड खोडाला आपण निवडुंग म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळी घराणी आहेत. फड्या निवडुंग हा अमेरिकेतला. खऱ्या निवडुंगांचं सगळं कुळच, एखादी जात वगळता, अमेरिका खंडातलं. त्रिधारी निवडुंग आणि शेर हे मात्र एरंडाच्या कुळातले. ओळखायची खूण सोपी आहे. फड्यासारख्या खऱ्या निवडुंगाचे काटे लहानशा लोकरी गादीतून निघतात. त्रिधारीला अशी गादी नसते आणि खोडाला जरा टोचलं की पांढरा चीक वाहतो. हा चीक नीट सांभाळावा. डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासंही होतं. चीक काढणाऱ्या झाडांचं काम डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालूनच करावं, मुलांना जवळ घेऊ नये; आणि डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन सरळ डॉक्टरांकडे जावं.

विकत घेताना थोडं चौकस असावं. लाल किंवा पिवळ्या बोंडाचं एक कलमी निवडुंग बाजारात फार खपतं. त्या बोंडात हरितद्रव्य नसतं. ते खालच्या हिरव्या खुंटाच्या कमाईवर जगतं, आणि बहुधा काही वर्षांतच जोडी मोडते. घ्यायचं तर हे माहीत असून घ्यावं. पानांवर निळा-जांभळा रंग फवारलेली किंवा डोक्यावर वाळकं फूल डिंकाने चिकटवलेली झाडं मात्र घेऊच नयेत. आणि ‘जेड’ म्हणून जे मिळतं त्यात दोन निराळी झाडं आहेत: खरं जेड जाड, मोठ्या पानांचं, आणि दुसरं बारीक गोल पानांचं, तांबूस फांद्यांचं, ज्याला दक्षिण आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात. दोन्ही तिकडचीच, दोन्ही चिवट, दोन्ही फांदीपासून होतात. फसवणूक म्हणावी असं त्यात काही नाही.

गडावर, डोंगरकड्यावर फिरायला जाणाऱ्या मंडळींना मात्र जरा आवर्जून सांगायचं आहे. आपल्या सह्याद्रीतही मांसल वनस्पती आहेत, आणि त्यांतली एक तर जगात महाराष्ट्राबाहेर कुठेच आपणहून उगवत नाही. तिचं नाव शिंदळ माकुडी. डाल्झेल या वनस्पतिज्ञाने १८६५ साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया’ म्हटलं. शिवनेरी, सज्जनगड, पुरंदरशेजारचा वज्रगड अशा ठिकाणी, उभ्या कातळाच्या फटीत ती लोंबत असते. उन्हाळ्यात पानं झडून नुसती बोटांएवढी जाड खोडं उरतात. पावसाळ्यात पानं येतात आणि तांबड्या-पिवळ्या, चांदणीच्या आकाराची फुलं लागतात. मधमाश्यांऐवजी साध्या माश्या त्यांच्यावर येतात.

गंमत अशी, की ही दुर्मीळ वनस्पती फांदीच्या तुकड्यापासून अगदी सहज होते. परदेशांतल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती वर्षानुवर्षं आहे. मग तुम्ही म्हणाल, कड्यावरून एक तुकडा आणला तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. तुकड्यापासून केलेलं झाड हे नवं झाड नव्हे. ते तेच झाड आहे, दुसऱ्या कुंडीत. अशी हजार रोपं झाली तरी रक्त एकच. कड्यावरची वस्ती मात्र बियांतून वाढते. प्रत्येक रोप थोडं निराळं, एखादं जास्त दुष्काळ सोसणारं, एखादं रोगाला न जुमानणारं. त्या वस्तीत झाडं मोजकी, माश्यांनी एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेला तरच शेंग धरायची. त्यातली चार उपटली की उरलेली एकमेकांपासून दूर पडतात. आणि हौशी माणूस तुकडा घेऊन थांबत नाही, हा अनुभव सगळीकडचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँड भागात खड्यांएवढी लहान मांसल झाडं उगवतात. २०१९ नंतर ती चोरून परदेशी विकण्याचा असा काही धंदा सुरू झाला की लाखोंनी झाडं पोलिसांनी जप्त केली. शेकडो वर्षांत जमलेली टेकडी एका रात्रीत मोकळी होते. तेव्हा ही झाडं गडावर पाहावीत, छायाचित्र घ्यावं, आणि ते टाकताना नेमका कडा कुठला हे लिहू नये. कंदीलपुष्पांच्या, म्हणजे आपल्या खरपुड्यांच्या बाबतीतही हेच. रोप हवंच असेल तर ज्याने ते बागेत वाढवून त्यापासून रोपं केली आहेत अशाकडूनच घ्यावं, आणि मूळ झाड कुठलं ते बेलाशक विचारावं.

*

आता खऱ्या गमतीकडे वळू, म्हणजे एकाची दहा कशी करायची त्याकडे.

पानफुटीला तर आपण काही करावंच लागत नाही. पानाच्या कडेला ज्या खाचा असतात त्या प्रत्येक खाचेत एक झोपलेला कोंब असतो. पान झाडावरून तुटलं, ओलसर जागी पडलं, की तो जागा होतो. जर्मन कवी गटे याला या झाडाचं इतकं वेड होतं की तो त्याची पानं मित्रमंडळींना भेट म्हणून पाठवीत असे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीत पानफुटीचं पान ठेवून पाहा. आठ-पंधरा दिवसांत वहीतच रोपटी दिसतील.

गुलाबाच्या फुलासारखी पानांची रचना असलेली एचेव्हेरिया, करड्या पानांचं ग्रॅप्टोपेटलम, सेडम यांचे कोंब पानाच्या कडेला नसून अगदी बुडाशी, जिथे पान खोडाला चिकटतं तिथे असतात. म्हणून इथे कात्री चालवायची नाही. पान दोन बोटांत धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवायचं. बूड अख्खं सुटून आलं पाहिजे. मोडलेलं पान फुकट. अशी पाच-सहा पानं कागदावर सावलीत तीन-चार दिवस नुसती ठेवायची, म्हणजे जखम सुकून तिच्यावर खपली धरते. खपली हा या सगळ्या विद्येचा पाया आहे. ओली जखम मातीत गेली की बुरशी शिरलीच म्हणून समजा. मग पानं कोरड्या, भुसभुशीत मातीवर आडवी ठेवून द्यायची, पुरायची नाहीत. दोन ते चार आठवड्यांत बुडातून गुलाबी धाग्यांसारखी मुळं डोकावतात आणि मोहरीएवढा एक इवलासा गुच्छ दिसू लागतो. तेव्हापासून हलका शिडकावा करायचा. जुनं पान सुरकुतत जाईल. ते ओढून काढायचा मोह होतो, पण ते बाळाला दूध पाजतं आहे. पुरतं वाळलं म्हणजे आपोआप सुटतं. दहा पानांतली सहा लागली तर उत्तम समजावं.

उजेड कमी पडला की हीच झाडं गळा काढून उंच होतात, पानं विरळ होतात, आणि मग ‘झाड बिघडलं’ म्हणून लोक टाकून देतात. टाकू नका. बाग ताजी करायची ती इथेच. धारदार चाकूने वरचा गुच्छ इंच-दीड इंच खोडासकट कापून घ्या आणि चार-सहा दिवस सुकवून नव्या कुंडीत लावा. मधल्या खोडाची पानं वरच्या रीतीने लावा. आणि उरलेला ठोंब जुन्या कुंडीतच उजेडात ठेवा. काही आठवड्यांत त्याच्या बाजूंनी दोन-तीन नवे गुच्छ फुटतात. वरचा शेंडा कापला म्हणजे खालच्या कोंबांवरचा त्याचा दाब जातो, म्हणून ते जागे होतात. एका लांबट, केविलवाण्या झाडातून अशी आठ-दहा झाडं निघतात. खालून कुजत चाललेल्या झाडालाही हाच उपाय: काळा भाग सोडून वर कापत जायचं, छेद पूर्ण स्वच्छ, हिरवट-पांढरा दिसेपर्यंत, एकही तपकिरी ठिपका राहता कामा नये, आणि मग सुकवून लावायचं.

जेडची बोटभर फांदी आठवडाभर सुकवून लावली की पुरे. चिनी गुलाबाची तर वीतभरही फांदी नको. खुडलेला शेंडा खोचला तरी पंधरवड्यात लागतो. त्रिधारी किंवा शेराचा तुकडा आधी वाहत्या पाण्याखाली धरून चीक थांबू द्यावा, मग दहा-पंधरा दिवस सुकवावा. ब्रह्मकमळाचं ‘पान’ लावतात असं सगळे म्हणतात. ते पान नव्हे, चपटं झालेलं खोड आहे, म्हणूनच त्याच्या कडेतून फूल येतं. वीतभर तुकडा घ्यावा आणि जो भाग झाडाकडे होता तोच खाली करून दोन बोटं खोल लावावा. त्याला इतरांपेक्षा जरा जास्त ओल आणि सावली चालते, कारण ते मूळचं जंगलात झाडांच्या फांद्यांवर राहणारं आहे.

स्नेक प्लँटचं पान आडवं कापून त्याचे चार-चार बोटांचे तुकडे लावता येतात. पण वरची बाजू खाली झाली तर मुळं येत नाहीत. म्हणून कापतानाच खालच्या टोकाला एक खाच करून ठेवावी. आणि पिवळ्या काठाच्या जातीचे तुकडे लावले तर येणारी पिल्लं साधी हिरवी निघतात. रोपवाल्याने फसवलं असं समजू नका. त्या पानात दोन प्रकारच्या पेशींचे थर शेजारी-शेजारी असतात आणि नवा कोंब नेमका आतल्या हिरव्या थरातून फुटतो. काठ हवा असेल तर झाड मुळांसकट विभागावं लागतं.

कोरफडीची पिल्लं सर्वांनाच माहीत आहेत. ती हाताच्या बोटाएवढी होऊ द्यावीत, अगदी लहान काढू नयेत. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते, पण तोवर बुडाशी पिल्लांचं गोकुळ झालेलं असतं. बियांपासून निवडुंग करणं आणि कलमं बांधणं यांचा नाद वेगळा. त्याला वर्षं लागतात.

*

माती कोणती? आपल्या देशावरची काळी माती कपाशीला सोनं असली तरी या झाडांना वैरीण आहे. ओली झाली की फुगते, चिकट होते आणि आठवडा-आठवडा वाळत नाही. एक भाग साधी तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत, आणि दोन भाग चाळलेला मुरूम, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा बारीक खडी, असं मिश्रण करावं. चाळायचं ते भुकटी काढून टाकण्यासाठी. भुकटी राहिली तर ती सिमेंटसारखी बसते. कुंडी मातीची बरी, भाजलेल्या मातीतून ओल बाहेर जाते. फुटका माठही चालतो. तळाला भोक मात्र हवंच. त्यावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. तळाशी खड्यांचा जाड थर घातला की निचरा चांगला होतो अशी समजूत आहे, पण पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजी उतरत नाही. ते वरच्या मातीतच अडून राहतं. खडी तळाशी नको, सगळ्या मातीत मिसळलेली हवी. कुंडीखालच्या बशा तर काढूनच टाकाव्यात. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, ते वेगळंच.

पाणी द्यायचं तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्यावं, आणि मग बोट खुपसून माती आत दोन पेरं कोरडी लागेपर्यंत देऊ नये. दिवसांचा हिशेब सांगता येत नाही. मे महिन्यातली सोलापूरची गच्ची आणि जानेवारीतली नाशिकची खिडकी यांना एक वेळापत्रक कसं लागू पडणार? एचेव्हेरियासारखी झाडं मेक्सिकोच्या थंड पठारांवरची. आपल्या उन्हाळ्यात ती वाढ थांबवून स्वस्थ बसतात. तेव्हा त्यांना पाणी कमीच, आणि दुपारच्या उन्हाला आडोसा. त्यांचा खरा वाढीचा काळ आपला हिवाळा. म्हणून पानं-फांद्या लावायचं काम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत करावं. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, वारा खेळेल अशा जागी. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तिथे हे जमतं. रत्नागिरीकडे ३,००० च्या वर पडतो आणि हवाच ओली असते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी एचेव्हेरियाच्या मागे लागून मनस्ताप करून घेऊ नये. कोरफड, जेड, स्नेक प्लँट, ब्रह्मकमळ आणि पानफुटी यांची बाग तिकडे झकास होते.

रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीखालून आणलेलं झाड एकदम गच्चीवरच्या उन्हात ठेवलं तर पानांवर भाजल्याचे डाग पडतात, ते जन्मभर राहतात. पंधरा दिवस थोडं-थोडं ऊन वाढवत न्यावं.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपावा. आठ दिवसांनी पुन्हा, कारण अंडी राहतात. कुंडी बदलताना मुळांतही पाहावा. मी इतिहास शिकवतो, म्हणून या किड्याच्या एका चुलतभावाची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. किरमिजी रंग देणारा निवडुंगावरचा किडा ईस्ट इंडिया कंपनीला हवा होता, कारण तो रंग स्पेनच्या मक्तेदारीत होता. १७९५ साली ब्राझीलहून तो म्हणून जो किडा बंगालात आणला तो भलताच निघाला. रंग हलका, पण भूक अफाट. त्याने एका जातीच्या निवडुंगाची रानं फस्त केली. पुढे १९२६ साली त्याच गोत्रातला दुसरा किडा सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, मुद्दाम आणून दक्षिणेत सोडला, आणि शेतं, गायरानं अडवून बसलेला फड्या निवडुंग त्याने काही वर्षांत आटोक्यात आणला. तुमच्या कुंडीतला कापूस याच घराण्याचा. म्हणून ‘थोडासाच आहे’ असं म्हणून तो सोडू नये.

शेवटची गोष्ट चिठ्ठीची. वर म्हटलं की तुकड्यापासून झालेलं झाड हे तेच झाड असतं. रानातल्या वस्तीला ही उणीव आहे, घराला मात्र हीच सोय. शहरांतले जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा परसातली पन्नास वर्षांची ब्रह्मकमळं राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये जातात. आजीने लावलेल्या झाडाचा वीतभर तुकडा वेळेवर आणला, तर तुमच्या तिसऱ्या मजल्यावर श्रावणात फुलेल ते त्या झाडाची आठवण नसून ते झाडच असेल. एक तुकडा आपल्याकडे लावावा आणि दुसरा बहिणीकडे किंवा शेजारी द्यावा; आपला कुजला तर परत मागता येतो. प्रत्येक कुंडीत एक पट्टी खोचावी आणि तिच्यावर झाडाचं नाव, कोणाकडून आणलं ते आणि महिना-वर्ष लिहावं. शाईने लिहू नये, दोन उन्हाळ्यांत पुसट होते. साध्या शिसपेन्सिलीने लिहावं.